कादंबरीकाराचा पिता : सेनापति ड्यूमा

‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ ही कादंबरी आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं, मूळ फ्रेंचांतून नव्हे तरी इंग्रजी भाषांतरांतून, वाचली असेल. आणि ज्यांनीं वाचली नसेल त्यांच्याही कानांवरून तिची हकीकत गेली असेल. एका निरपराध तरुणास वाङ्निश्चयाच्या मेजवानींतून उठवून नेतात, समुद्रांतील किल्ल्याच्या तळघरांत टाकतात, आणि आपला अपराध काय हेंही न कळतां तो तेथें चौदा वर्षें कुजत पडतो. ही कथा लिहिणारा अलेक्झांडर ड्यूमा जगाच्या कानाकोपऱ्यांत माहीत आहे. परंतु त्याच नांवाचा त्याचा बाप फ्रेंच राज्यक्रांतीच्या फौजांचा सेनापति होता, आणि त्यास दोन वर्षें समुद्रकांठच्या किल्ल्यांत खरोखरीच असें कुजावें लागलें होतें, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. शाळेच्या इतिहासांत फ्रेंच राज्यक्रांति बास्तीयच्या तुरुंगापासून निघते, गिलोटीनवरून जाते आणि नेपोलियनपाशीं येऊन थांबते. वाटेंत या सेनापतीस एक ओळही मिळत नाहीं. या महिन्यांत त्याची ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वेस्ट इंडीजमधील हिस्पानिओला बेटाचा पश्चिम भाग अठराव्या शतकांत फ्रेंचांच्या ताब्यांत होता. त्यास ते सें-दोमिंग म्हणत. आजचा हैती देश तो हाच. फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत ती, आणि तिची सारी श्रीमंती आफ्रिकेंतून जहाजें भरभरून आणलेल्या गुलामांच्या घामावर उभी होती. ऊंस त्यांनीं लावावा, त्यांनीं तोडावा, आणि साखर पॅरिसच्या कॉफींत पडावी. या वसाहतींतील जेरेमी नांवाच्या गांवीं २५ मार्च १७६२ रोजीं तॉमा-अलेक्झांडर याचा जन्म झाला. बाप नॉर्मंडी प्रांतांतील जुन्या सरदार घराण्याचा वडील मुलगा, मार्क्विस दाव्ही द ला पायेतरी. आई मारी-सेसेत, त्यानेंच विकत घेतलेली एक कृष्णवर्णी गुलाम स्त्री.

मार्क्विस मोठा विलक्षण गृहस्थ होता. सख्ख्या भावाशीं बिनसल्यावर तो नांव बदलून मुलखाच्या एका टोकाशीं जाऊन राहिला, आणि पंचवीसांहून अधिक वर्षें घरच्यांस त्याचा पत्ता नव्हता. पुढें भाऊ वारले, घराण्याच्या वतनाला वारस उरला नाहीं, तेव्हां १७७५ च्या अखेरीस हा आपलें खरें नांव धारण करून फ्रान्सला परतला. परतण्यासाठीं पैसे हवेत. ते त्यानें पोटचीं मुलें विकून उभे केले. तॉमा-अलेक्झांडर हा त्याचा आवडता. म्हणून त्यास मात्र कायमचा न विकतां, ‘पुढें सोडवून घेईन’ अशा अटीवर त्यानें पोर्त-ओ-प्रिन्स येथें गहाण टाकलें. अडल्यानडल्या गृहस्थानें तांब्यापितळेचीं भांडीं सावकाराकडे ठेवावीं, तसें त्यानें हें पोर ठेवलें. वतनाचा पैसा हातीं येतांच त्यानें तें सोडविलें हेंही खरें. १७७६ च्या ऑगस्टांत चौदा वर्षांचा हा मुलगा ल हाव्र बंदरांत उतरला, तेव्हां जहाजाच्या यादींत त्याची नोंद ‘गुलाम अलेक्झांडर’ अशी होती. इतर भावंडें विकलीं गेलीं. आई मागेंच राहिली.

फ्रान्सच्या भूमीवर पाऊल ठेवतांच गुलाम मुक्त होतो, असा तिकडील न्यायालयांचा जुना सिद्धांत असे. त्या आधारें हा मुलगा स्वतंत्र झाला, आणि स्वतंत्र झाला तो एकदम सरदारपुत्रच झाला. उत्तम शिक्षक, उंची कपडे, घोड्यावर बसणें, पट्टा फिरविणें, या साऱ्याची बापानें चैन केली. सहा फुटांहून उंच, पिळदार शरीराचा, रेखीव चेहऱ्याचा हा तरुण पॅरिसांत उठून दिसे. परंतु १७७७ सालींच फ्रेंच राजानें कृष्णवर्णी व मिश्रवर्णी लोकांस फ्रान्समध्यें येण्याची बंदी करणारा कायदा काढला होता. म्हणजे एकीकडे मार्क्विसाचा मुलगा आणि दुसरीकडे एका वर्षाचा उशीर झाला असता तर दारांतूनच परत फिरविला गेला असता असा उपरा, अशा दोन्ही नात्यांनीं तो त्या शहरांत वावरत होता. आमच्या मतें त्याच्या पुढील आयुष्याचें बीज या दुहेरी स्थितींत आहे.

१७८६ सालीं म्हाताऱ्या मार्क्विसानें घरच्या कारभारणीशीं लग्न लाविलें, मुलाचा पैसा आखडला, आणि बापलेकांचें बिनसलें. मुलानें फौजेंत जाण्याचें ठरविलें. पण फौजेंत अधिकारी व्हावयाचें तर १७८१ च्या नियमाप्रमाणें चार पिढ्यांचें कुलीनत्व दाखवावें लागे. बापाच्या बाजूनें तें दाखवितां येत होतें, परंतु आईच्या बाजूनें काय दाखवावयाचें? त्यानें साधा शिपाई म्हणून राणीच्या रिसाल्यांत नांव घातलें. मार्क्विस बजावून म्हणाला कीं, माझें घराण्याचें नांव साध्या शिपायाच्या पटावर चढतां कामा नये. मुलानें शांतपणें आईचें नांव घेतलें. २ जून १७८६ रोजीं पटावर जें नांव चढलें तें ‘अलेक्झांडर ड्यूमा’. पंधरा दिवसांच्या आंत बाप वारला. ज्या नांवाला पुढें तीन पिढ्यांनीं कीर्ति मिळविली, तें एका विकत घेतलेल्या बाईचें नांव आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. येथें कर्णाची आठवण कोणास झाल्यास नवल नाहीं; परंतु कर्णाला राधेयपण चिकटलें होतें, यानें आईचें नांव स्वतः मागून घेतलें.

तीन वर्षांनीं क्रांतीचा भडका उडाला. खेड्यापाड्यांतून लुटारू येणार अशा भुमका पसरल्या, आणि व्हिलेर-कॉतरे या गांवच्या लोकांनीं संरक्षणासाठीं घोडेस्वारांची मागणी केली. ऑगस्ट १७८९ मध्यें ड्यूमाची तुकडी तेथें आली. क्लोद लाबूरे नांवाच्या खाणावळवाल्याच्या घरीं त्याची उतरण्याची सोय झाली. त्या घरीं मारी-लुईझ नांवाची उपवर कन्या होती. सासरेबुवांनीं कातडीच्या रंगाचा प्रश्न काढला नाहीं, कुळाचाही नाहीं. त्यांची अट एवढीच कीं, निदान हवालदार तरी व्हा, मग लग्न. २८ नोव्हेंबर १७९२ रोजीं लग्न लागलें तेव्हां जांवई लेफ्टनंट-कर्नल झाला होता. कुळ विचारल्यावांचून पाट न मांडणाऱ्या समाजांत आमच्या मागल्या पिढ्या वाढल्या; म्हणून एका लहानशा गांवांतल्या या खाणावळवाल्याची ती अट आम्हांस मोठ्या तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथाइतकी मोलाची वाटते.

ही बढती इतक्या झपाट्यानें कशी झाली? राजाच्या फौजेंतील सरदारवर्गाचे अधिकारी देश सोडून पळाले होते, ऑस्ट्रिया व प्रशिया सरहद्दीवर चालून आले होते, आणि नव्या राज्याला माणसें हवीं होतीं. १७९२ च्या ऑगस्टांत बेल्जियमच्या सरहद्दीवर नाईक ड्यूमानें मूठभर सोबत्यांच्या बळावर शत्रूचे बाराएक बंदूकवाले जिवंत पकडून आणले. त्याच सुमारास पॅरिसांतील मिश्रवर्णी स्वतंत्र नागरिकांनीं आपली वेगळी पलटण उभारली. तिचा नायक प्रसिद्ध पटाईत व संगीतकार शेव्हालिये द सें-जॉर्ज, आणि दुय्यम ड्यूमा. ३० जुलै १७९३ रोजीं तो ब्रिगेडचा सेनापति झाला, सप्टेंबरच्या आरंभीं डिव्हिजनचा. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आल्प्सच्या सबंध फौजेचें मुख्य सेनापतित्व त्याच्याकडे आलें. सात वर्षांपूर्वीं जो खरारा करीत होता त्याच्या हुकुमांत आतां हजारों माणसें होतीं. युरोपांतील गोऱ्या फौजेवर असा अधिकार चालविणारा आफ्रिकी रक्ताचा माणूस त्या काळीं दुसरा दाखवितां येणें कठीण आहे.

आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजीं फ्रेंच लोकसभेनें साऱ्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केल्याचें जाहीर केलें. ज्याच्या भावंडांचा बाजार झाला होता त्या सेनापतीस बर्फाच्या छावणींत ही बातमी पोंचली तेव्हां काय वाटलें असेल, त्याची कल्पना वाचकांनींच करावी.

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. सेनापतीच्या पराक्रमाच्या पुष्कळशा गोष्टी आपणांपर्यंत आल्या त्या त्याच्या कादंबरीकार मुलानें लिहिलेल्या आत्मचरित्रांतून. बाप वारला तेव्हां मुलगा चार वर्षांचाही नव्हता. तेव्हां पुत्रप्रेम आणि कादंबरीकाराचा हात या दोहोंचें मीठ त्या गोष्टींस लागलेलें आहे. तबेल्याच्या तुळईला हातांनीं लोंबकळून हा पुरुष मांड्यांत धरलेला घोडा वर उचली, ही गोष्ट आम्ही घरांतल्या मुलांस आनंदानें सांगूं. शपथेवर सांगणार नाहीं. मात्र सरकारी दप्तरें, लष्करी पत्रें व तत्कालीन इतरांचे लेख पाहून अलीकडच्या अभ्यासकांनीं या चरित्राची बरीच छाननी केली आहे. टॉम राइस या अमेरिकन लेखकाच्या ‘द ब्लॅक काउंट’ या अशाच परिश्रमाच्या चरित्रास २०१३ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. सेनापतीचीं कांहीं पत्रें व्हिलेर-कॉतरेच्या संग्रहालयांत एका तिजोरींत अडकून पडलीं होतीं. तिची जुळणी माहीत असलेली बाई वारल्यामुळें चरित्रकारानें ती तिजोरी फोडवून घेतली. एवढी खटपट केल्यावर जें निघालें तें मूळ गोष्टींहून फारसें फिकें नाहीं.

आल्प्सची मोहीम हिंवाळ्यांत करावयाची होती. मों-सेनीची खिंड शत्रूच्या ताब्यांत. वर बर्फ, खालीं दरी. ड्यूमानें बुटांस बांधावयाचे लोखंडी कांटे करवून घेतले, स्थानिक वाटाड्यांकडून वाटा शिकून घेतल्या, आणि १७९४ च्या वसंतांत धाकटा सें-बर्नार व मों-सेनी अशीं दोन्हीं ठाणीं सर केलीं. पण त्याच काळीं पॅरिसांत सार्वजनिक सुरक्षा समितीचें भय माजलें होतें, आणि या सेनापतीच्या अंगीं एक राजकीय दोष होता: त्यास गिलोटीनची किळस होती. बायोन येथें त्याच्या बिऱ्हाडासमोरच्या चौकांत लोकांचीं डोकीं उडवीत असतां त्यानें खिडक्या लावून घेतल्या, म्हणून तेथील जहाल मंडळींनीं त्यास ‘माणुसकीमहाराज’ असें चिडवण्याचें नांव ठेविलें. आल्प्समधील एका गांवीं देवळाची घंटा लपविल्याबद्दल चार जणांस मारावयाचें ठरलें होतें. तेथें त्यानें गिलोटीनच मोडून तिचीं लांकडें सरपणास देवविलीं, असें मुलगा सांगतो. समितीनें त्यास पॅरिसांत जाब देण्यास बोलाविलें. तो पोंचला, आणि जाब घेतला जाण्यापूर्वींच २७ जुलै १७९४ रोजीं रोबेस्पियरचें राज्य कोसळलें. दुसऱ्या दिवशीं रोबेस्पियरचेंच डोकें गेलें, आणि यांचें राहिलें.

पुढें त्यास व्हांदे प्रांतांतील बंडाळीवर पाठविलें. तेथें आपल्याच फौजेची लुटालूट व क्रौर्य पाहून त्यानें सरकारला स्पष्ट लिहिलें कीं, ही फौज शिस्तींत आणल्याखेरीज हें युद्ध संपणार नाहीं. अशा माणसास तेथें फार दिवस ठेवीत नाहींत. त्यास दोन-तीन महिन्यांतच हलविलें.

१७९६ च्या अखेरीस ड्यूमा इटलींत आला आणि येथें त्याची बोनापार्टशीं गांठ पडली. दोघेही क्रांतीचे सेनापति. परंतु एक जण स्वतःस तिचा चाकर समजे, आणि दुसरा तिचा वारस. मांतुआच्या किल्ल्यास फ्रेंचांचा वेढा पडला होता. डिसेंबरांत किल्ल्याकडे जाणारा एक हेर पकडला गेला. झडतींत कांहीं सांपडेना. ड्यूमानें ओळखलें कीं, खलिता याच्या पोटांत आहे. ‘गोळी घालून मग पोट चिरून पाहतों’ म्हणतांच हेर कबूल झाला. मग रेचक देववून, योग्य तो काळ थांबून, मेणाच्या गोळींत गुंडाळलेलें ऑस्ट्रियन सेनापतीचें पत्र हस्तगत करण्यांत आलें. वेढलेल्या फौजेस मदत केव्हां व कोठून येणार, याची माहिती त्या पत्रांत होती. पुढें १६ जानेवारी १७९७ रोजीं मांतुआतून ऑस्ट्रियनांनीं बाहेर मुसंडी मारली तेव्हां ड्यूमा जिवावर उदार होऊन लढला, घोडा त्याच्या मांडीखालीं पडला. आणि बर्थिये या सेनाकारभाऱ्यानें अहवालांत लिहिलें काय, तर सेनापति ड्यूमा ‘निरीक्षण करीत होता’! ड्यूमानें बोनापार्टला एक पत्र लिहिलें. आपण ज्या जागीं होतों त्या जागीं हे अहवालकर्ते असते तर त्यांच्या विजारीची काय अवस्था झाली असती, याविषयींचें त्यांतील वाक्य कौटुंबिक मासिकांत छापण्याजोगें नाहीं. परिणाम इतकाच झाला कीं, त्याचा अधिकार कमी करून त्यास दुसऱ्यांच्या हाताखालीं दिलें.

मुत्सद्दीपणाच्या दृष्टीनें हें पत्र शुद्ध वेडेपण होतें. मुख्य अधिकाऱ्याच्या मर्जींतल्या माणसास लेखी टोला मारूं नये, हें कचेरींतला उमेदवार कारकून देखील जाणतो. परंतु ड्यूमाला तें कधींच साधलें नाहीं. मार्च १७९७ मध्यें टिरोलच्या डोंगरांत क्लाउझेन येथील नदीच्या पुलावर त्यानें एकट्यानें ऑस्ट्रियन स्वारांची तुकडी, मागून आपली माणसें येईपर्यंत, अडवून धरली. पूल अरुंद, एका वेळीं दोन-तीन स्वारांहून अधिक पुढें येऊं शकत नव्हते. अंगरखा तरवारीच्या वारांनीं चिंधड्या झाला, घोडा मेला, तरी तो हटला नाहीं. ऑस्ट्रियन शिपाई त्यास ‘काळा सैतान’ म्हणूं लागले. बोनापार्टलाही आतां अहवालांत स्तुति लिहिणें भाग पडलें. प्राचीन रोममध्यें टायबर नदीचा पूल एकट्यानें अडविणाऱ्या होरेशियस कॉक्लेसची उपमा त्यानें ड्यूमाला दिली. नंतर ट्रेव्हिझो प्रांताचा कारभारही कांहीं काळ त्याच्याकडे होता.

१७९८ च्या मे महिन्यांत बोनापार्ट ईजिप्तवर निघाला तेव्हां सबंध रिसाल्याचें आधिपत्य ड्यूमाकडे दिलें होतें. या स्वारीचा रोख शेवटीं हिंदुस्थानाकडे होता; जानेवारी १७९९ मध्यें बोनापार्टनें टिपू सुलतानास लिहिलेलें पत्र इंग्रजांच्या हातीं पडलें, हें आमच्या वाचकांपैकीं इतिहासाच्या अभ्यासकांस माहीत असेलच. मोहिमेबरोबर गेलेल्या मुख्य वैद्यानें लिहून ठेवलें आहे कीं, ठेंगण्या बोनापार्टपेक्षां हा उंच, सांवळा घोडेस्वारच फौजेचा धनी असावा, असें तेथील लोकांस प्रथमदर्शनीं वाटे. अशी गोष्ट धन्याच्या कानीं गेल्यास ती त्यास गोड वाटण्याचा संभव कमीच.

अलेक्झांड्रियाहून कैरोकडे जातांना वाळवंटांत पाण्यावांचून शिपाई मरूं लागले. दमनहूर येथें ड्यूमाच्या तंबूंत कांहीं सेनापति कलिंगडें खात जमले आणि बोलतां बोलतां मोहिमेविषयीं कडवट बोलले. कोणीतरी तें वर पोंचविलें. पिरॅमिडांजवळची लढाई जिंकून कैरोंत आल्यावर बोनापार्टनें त्यास एकांतांत बोलाविलें. तेथें झालेल्या संवादाचा सारांश असा सांगतात: एकानें राजद्रोहाबद्दल गोळी घालण्याची भाषा केली, दुसऱ्यानें उत्तर दिलें कीं, देशाच्या कीर्तीसाठीं मी जगाला प्रदक्षिणा घालीन, परंतु एका माणसाच्या महत्त्वाकांक्षेसाठीं पाऊल पुढें टाकणार नाहीं. मग त्यानें घरीं जाण्याची परवानगी मागितली. १ ऑगस्ट १७९८ रोजीं नेल्सननें अबुकीर उपसागरांत फ्रेंच आरमार जाळल्यामुळें परतण्यास जहाज मिळेना. ऑक्टोबरांत कैरोंत बंड झालें तेव्हां हाच ड्यूमा घोड्यावर बसून अल-अझर मशिदींत शिरणाऱ्यांच्या अग्रभागीं होता. चाकरी सोडून जावयाचें ठरलें तरी हातचें काम त्यानें टाकलें नाहीं. (मशिदींत घोडा घालणें आम्हांस मुळींच प्रशस्त वाटत नाहीं, पण आपल्या चरित्रनायकाचें कृत्य म्हणून तें झांकून ठेवणेंही योग्य नव्हे.)

७ मार्च १७९९ रोजीं ‘बेल माल्तेझ’ नांवाच्या जुन्या जहाजांतून तो निघाला. बरोबर दोलोमियू हा भूगर्भशास्त्रज्ञ होता. ज्याच्या नांवावरून डोलोमाइट खडकास व त्या पर्वतांस नांव पडलें तो हाच. वादळ झालें, जहाजांत पाणी शिरूं लागलें. ड्यूमानें बरोबर घेतलेले अरबी घोडे व कॉफीचीं पोतीं समुद्रांत लोटावीं लागलीं. जवळचें बंदर म्हणून इटलीच्या दक्षिण टोंकाला तारांतो येथें ते शिरले. नेपल्सचें राज्य फ्रेंचांच्या स्नेह्यांकडे आहे अशी त्यांची समजूत. पण तेवढ्यांत तेथें वारें फिरून राजपक्षाच्या फौजांनीं मुलूख बळकावला होता. पाहुणे म्हणून आलेले कैदी झाले.

दोन वर्षें ड्यूमा तारांतो व ब्रिंदिसीच्या किल्ल्यांत होता. युद्धकैद्याची वागणूक नाहीं, खटला नाहीं, सुटकेची मुदत नाहीं. अन्नांतून वा औषधांतून आपणांस विष दिलें जात आहे असा त्याचा पक्का समज झाला होता. तें विष होतें कीं कोंदट हवेंतला आजार व अडाणी वैद्यकी होती, याचा निर्णय करण्याची आमची योग्यता नाहीं. परंतु परिणाम उघड होता. एका डोळ्याची दृष्टि मंदावली, एका कानानें ऐकूं येईना, तोंडावर अर्धांगाचा झटका आला, पोटाची व्यथा कायमची जडली. क्लाउझेनच्या पुलावरचा पुरुष चाळिशीच्या आंत, १८०१ च्या वसंतांत बाहेर पडला तो मोडूनच. मुलाच्या त्या कादंबरींतील तळघराची हवा कोठून आली, हें आतां निराळें सांगावयास नको.

घरीं परतल्यावर जें त्याच्या वाट्यास आलें तें आम्हांस कैदेहूनही कठीण वाटतें. मधल्या काळांत, नोव्हेंबर १७९९ मध्यें, बोनापार्टनें सत्ता बळकावून पहिला कॉन्सल ही पदवी घेतली होती. ड्यूमानें त्यास अर्ज लिहिले: कैदेच्या दोन वर्षांचा थकलेला पगार द्यावा, आणि प्रकृति सुधारतांच पुन्हां चाकरी द्यावी. सन्मानाचे शब्द वापरून, जुन्या लढायांची आठवण देऊन, कोठेंही न रडतां लिहिलेले ते अर्ज आहेत. थकबाकी मिळाली नाहीं. ‘लीजन ऑफ ऑनर’ हें नवें मानचिन्ह निघालें, तेंही मिळालें नाहीं. १८०२ च्या सप्टेंबरांत त्यास निवृत्तांच्या यादींत टाकलें. पेन्शनरांस ठाऊक आहे कीं, अर्जाला नकार आला तर मनुष्य एक दिवस चरफडतो आणि मोकळा होतो. उत्तरच न येणें हें मात्र रोज सकाळीं टपालाच्या वेळेस नव्यानें सोसावें लागतें.

आणि १८०२ हें वर्ष केवळ एका माणसाच्या पगाराचें नव्हतें. त्या वर्षाच्या २० मे रोजीं बोनापार्टच्या सरकारनें वसाहतींतील गुलामगिरी कायद्यानें कायम केली. त्याच महिन्यांत, नोकरींतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णी व मिश्रवर्णी लष्करी लोकांनीं पॅरिसांत व त्याच्या आसपास राहूं नये, असा हुकूम निघाला. आणि जुलैंत अशा वर्णाच्या लोकांस फ्रान्समध्यें येण्याची १७७७ सारखीच बंदी पुन्हां घालण्यांत आली. ज्या फौजेचा तो सेनापति होता तिच्या राज्यांत त्याचा जन्म पुन्हां अपराध ठरला. तिकडे सें-दोमिंगमध्यें बोनापार्टनें आपला मेहुणा मोठी फौज देऊन पाठविला. कृष्णवर्णीयांचा नेता तूसें लूव्हेर्त्यूर यास कपटानें धरून फ्रान्समधील थंड किल्ल्यांत ठेवलें, तेथें तो एप्रिल १८०३ मध्यें वारला. परंतु त्या बेटावरच्या लोकांनीं फौजेचा पाडाव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजीं हैतीचें स्वातंत्र्य पुकारलें. सेनापतीची जन्मभूमि अशी मुक्त झाली, तो मात्र व्हिलेर-कॉतरेस खुर्चींत बसून होता.

२४ जुलै १८०२ रोजीं, त्या सगळ्या धामधुमींत, त्यास मुलगा झाला. बापाचेंच नांव त्यास ठेविलें. मुलगा सांगतो कीं, बापाचें प्रचंड शरीर, त्याचे सुंदर हातपाय, त्याची सौम्य वागणूक, एवढेंच आठवतें. पोटाच्या कर्करोगानें २६ फेब्रुवारी १८०६ रोजीं सेनापति वारला, वय त्रेचाळीस. त्या रात्रीं मुलास शेजारीं निजावयास नेलें होतें. सकाळीं ‘तुझ्या बाबांस देवानें नेलें’ असें त्यास सांगितलें, तेव्हां पोरानें देव कोठें राहतो तें विचारलें; ‘वर’ म्हणतांच तो घरीं धांवला, बापाची बंदूक खेंचीत जिना चढूं लागला, आणि आईनें अडवून विचारल्यावर म्हणाला, मी देवाला मारावयास चाललों आहें. ही गोष्ट मात्र, मीठमसाल्याचा हिशेब करूनही, आम्हांस खरी वाटते.

विधवेनें पेन्शनसाठीं अर्ज केला. पति रणांगणावर पडलेला नाहीं, सबब मिळत नाहीं, असा निकाल झाला. जुन्या स्नेह्यांनीं, बड्या बड्या मार्शलांनीं, रदबदली करून पाहिली. नेपोलियनपुढें तें नांव काढण्याची सोय नव्हती. बाईनें पुढें गांवांत तंबाखूचें दुकान चालविलें आणि मुलास वाढविलें. शाळा त्याच्या नशिबीं यथातथाच होती. हस्ताक्षर मात्र सुंदर होतें, आणि त्या हस्ताक्षराच्या जोरावर तो विशींत पॅरिसला जाऊन कारकून झाला. पुढचें सर्वांस ठाऊक आहे.

सेनापतीचें नांव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेलें आहे. त्याचा पुतळा १९१२ च्या सुमारास अल्फ्रेद द मोन्सेल या मूर्तिकारानें केला आणि तो मालेझेर्ब चौकांत बसविला गेला. त्याच चौकांत मुलाचा व नाटककार नातवाचाही पुतळा असल्यामुळें लोक त्यास तीन ड्यूमांचा चौक म्हणत. १९४१-४२ च्या हिंवाळ्यांत पॅरिस जर्मनांच्या ताब्यांत असतां सेनापतीचा पुतळा पाडून नाहींसा करण्यांत आला. मुलाचा व नातवाचा राहिला. साठांहून अधिक वर्षें ती जागा रिकामी होती. २००२ सालीं मुलाच्या अस्थि समारंभानें पांतेआंत नेऊन ठेवल्या. बापासाठीं २००९ सालीं त्या चौकांत, ज्यास आतां जनरल कात्रू चौक म्हणतात, दोन प्रचंड लोखंडी बेड्यांचें एक शिल्प उभारलें. त्यांची सांखळी तुटलेली आहे. घोडा, तरवार, चेहरा, कांहीं नाहीं. पलीकडे मुलगा उंच ओट्यावर खुर्चींत बसला आहे. त्याच्या पायथ्याशीं त्याचें पुस्तक उघडून वाचीत बसलेली मंडळी आहेत, आणि पाठीमागच्या बाजूस ‘थ्री मस्केटियर्स’मधला दार्तान्यां हातीं तरवार घेऊन पहाऱ्यास बसला आहे.